रिकामी म्हणून सांगितलेली डिस्क

माझ्या लॅपटॉपवर ‘पंखा’ नावाची एक फाईल आहे. अकरा मिनिटांची. ती कशाची आहे हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीला नाही, आणि ज्याला ठाऊक असायला हवं त्याला तर नाहीच नाही. नाव मुद्दाम असं ठेवलंय, की चुकून नजरेला पडली तरी कुणी उघडू नये. तीन वर्षं झाली. आज तुमच्याशी बोलायला बसलेय खरी. कुठून सुरुवात करू?

कामापासून करते, ते सोपं आहे. मी माधवनगरला राहते. नवरा लग्नाचे व्हिडिओ काढायचा, आणि घरी आलेल्या जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची. त्याचं काम मोबाईलनं खाल्लं, माझं वाढत गेलं. बुरशी धरलेली टेप, तुटलेली टेप — मी हात लावला की काहीतरी निघायचंच. लोक सातारा-कराडहून शोधत यायचे. ‘त्या ताई दगडातनं आवाज काढतात’ असं कुणीतरी म्हटलेलं माझ्या कानावर आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडलं होतं. हे ध्यानात ठेवा. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

महादेव वडूजच्या पुढच्या गावचा. विट्याच्या एका माणसाच्या हाताखाली कोचीला सोनं गाळायला शिकला, आता तिथेच त्याचं स्वतःचं गलाईचं दुकान आहे. पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा. त्याने माझ्यासमोर रुमालाची गाठ सोडली तेव्हा आत एक मिनीडिस्क रेकॉर्डर होता. ही चीज फार लोकांनी पाहिलेली नाही — तळहातावर मावेल असं यंत्र, आणि त्यात बिस्किटाएवढी, प्लास्टिकच्या चौकटीतली डिस्क. वीसेक वर्षांपूर्वी आखातातून परतलेल्या एका गिऱ्हाइकाकडून त्याने ती घेतली होती. वडिलांसाठी.

वडील — आण्णा — मेंढरं राखायचे. महादेव एकोणीस वर्षांचा असताना एकदा आण्णांनी रानात वाघर लावली, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, आणि राखणीला त्याला बसवून ते गावात गेले. महादेवच्या डोक्यात कोची शिरलेली. कळप तसाच सोडून त्याने विट्याची वाट धरली. सकाळी आण्णा परतले तर लांडग्याने कोकरं मारलेली. त्यानंतर बाप लेकाशी बोलला नाही. पोरगा जत्रेला घरी आला तरी नाही. शेवटी महादेवने हे यंत्र आणलं, कुठलं बटण दाबायचं ते आईला शिकवलं आणि म्हणाला, आण्णांना सांग, माझ्याशी नको तर याच्याशी बोला. आण्णांनी त्याच्यादेखत यंत्राला हातही लावला नाही. चार-पाच वर्षांनी ते गेले.

मग माझ्याकडे येण्याच्या आदल्या वर्षी आई गेली, आणि जाताना तिने सांगितलं — यंत्र पेटीत हाय, तुझा बा बोललाय त्यात, बाभळीखाली बसून. बोलून झाल्यावर त्यांनाच लाज वाटली, मला गप बस म्हणाले.

“तेवढं काय ते काढून द्या ताई,” महादेव म्हणाला. “दुसरं कायबी नको मला.”

त्याला परवा रात्री मिरजेहून कोचीची गाडी होती. मी म्हटलं, परवा संध्याकाळी या.

यंत्राची बॅटरी फुगून फुटली होती, हिरवा चिकटा सगळ्या पत्र्यांवर. ते मी स्पिरिटने पुसलं, डिस्क वाचणाऱ्या आतल्या भिंगावरची धूळ कापसाने काढली, दुसऱ्या दिवशी जुना अॅडॉप्टर जोडून पाहिला. डिस्क फिरली. पडद्यावर आकडा आला — अठरा मिनिटं. म्हणजे आई खरं बोलली होती.

आता इथे एक अडचण असते. या जातीचं यंत्र कॉम्प्युटरला केबलने जोडलं तरी आतला आवाज फाईल म्हणून बाहेर देत नाही. हेडफोनच्या भोकात दोन फाट्यांची पिन लावायची, एका फाट्याला लॅपटॉपची वायर, दुसऱ्याला आपले हेडफोन, मग यंत्र वाजवायचं आणि लॅपटॉपवर भरून घ्यायचं. अठरा मिनिटांना अठरा मिनिटं. त्याआधी डिस्कच्या कडेची बारीक खिट्टी सरकवायची, म्हणजे डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जात नाही. माझ्या वहीत हा पहिला नियम आहे, लाल शाईने लिहिलेला. मी खिट्टी सरकवली नाही.

का नाही? मला खुणा घालायच्या होत्या. माझी एक हौस होती — गिऱ्हाइकाच्या डिस्कवरच, जिथे नवीन काही सुरू होतं तिथे खूण करून द्यायची. म्हणजे त्याला बटण दाबलं की नेमकं तिथे जाता येतं. खुणा नंतर कॉम्प्युटरवरही घालता आल्या असत्या. पण डिस्कवर घातल्या की लोक म्हणत, वा ताई. खिट्टी सरकवली असती तर ते जमलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तो यायच्या दिवशीच, हेडफोन लावले आणि बटण दाबलं. आधी वारा. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. मग म्हातारा नुसता मेंढरांना हाका घालत होता — पाण्यावर न्यायची वेगळी, थांबवायची वेगळी — बोलायचं धाडस होईना म्हणून असेल. आठ मिनिटं तेच. मग खाकरला आणि म्हणाला, “म्हाद्या.” मी तिथे खूण घातली.

पुढचं मला तोंडपाठ आहे. “म्हाद्या, त्या राती वाघरीची एक मेख मी ठोकलीच न्हवती. दगुड घावंना, म्हटलं ऱ्हाऊ दे. लांडगा तिथनंच शिरला. तू आसतास तरी शिरला आसता. आन मी समदं तुज्या अंगावर टाकलं. लोकांपुढं मला मान खाली घालायची न्हवती. ऐकतोयस न्हवं रं?”

मग परत वारा. तो रडत होता की श्वास घेत होता, सांगता येत नाही. अकरा मिनिटं झाली होती, आणि दाराची बेल वाजली.

मी यंत्र थांबवलं. थांबवलं की ते नव्या खुणा डिस्कवर लिहायला घेतं. पुस्तकाला अनुक्रमणिका असते ना, तशी डिस्कला असते — कुठला आवाज कुठे सुरू होतो, कुठे संपतो. ती लिहिली जात असताना पडद्यावर अक्षरं लुकलुकतात आणि तेवढे काही सेकंद यंत्राला धक्का लागू द्यायचा नसतो. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी उठले — डोळे पुसत, कानावर हेडफोन तसेच. वायर ताणली, यंत्र टेबलावरून खाली गेलं, अॅडॉप्टरची पिन निघाली. पडदा काळा.

मी खाली बसले, पिन परत लावली. पडद्यावर आलं — ब्लँक डिस्क.

पुन्हा काढून घातली. ब्लँक डिस्क. बेल परत वाजली. तरी म्हटलं, अकरा मिनिटं तर लॅपटॉपवर आली असतील! घाईने लावून पाहिलं. लॅपटॉपने वायरीतून काही घेतलंच नव्हतं. आवाज कुठून घ्यायचा, ते निवडताना मी चुकले होते. त्याने स्वतःच्याच माईकमधून भरलं होतं. आवाजाची पट्टी हलताना दिसत होती, मी समजले काम चालू आहे. ती आमच्या छतावरच्या पंख्याने हलत होती.

दारात महादेव होता. गाडीच्या आधी मिरजेत काम निघालं म्हणून दोन तास लवकर आला होता. माझ्या गळ्यात हेडफोन बघून त्याचा चेहरा असा उजळला — मी त्याच्याकडे नीट बघितलंच नाही. “निघालं का ताई?” बसा म्हटलं. पाणी आणते म्हटलं. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. किती वेळ? एक मिनिट असेल. एका मिनिटात माणूस किती गोष्टींचा विचार करतो! आवाज पुसला असं सांगितलं तर हा काय करेल, गावात काय सांगेल, त्या दगडातनं आवाज काढणाऱ्या ताईंचं काय होईल. म्हाताऱ्याचा विचार त्यात नव्हता. तो आत्ता माझ्या कानात रडत होता, आणि त्याचा विचार नव्हता.

बाहेर येऊन मी त्याच्यापुढे यंत्र धरलं आणि पडदा दाखवला. म्हटलं, रिकामी आहे.

इथपर्यंत ते खोटंही नव्हतं, नाही का? पडदाच तसं म्हणत होता. मग त्याने विचारलं, “म्हंजी कवाच काय न्हवतं?” आणि मी म्हटलं — नाही. यात कधीच काही भरलेलं नाही.

हे ते वाक्य. पाणी त्याने प्यायलंच नाही. म्हणाला, “आमच्यात दुकानातली धूळबी टाकत न्हाईत ताई. वरीसभराची झाडून ठेवतो, मग जाळतो, त्यातनंबी सोनं निघतंय. आजून एकडाव बघा की.” मी म्हटलं, बघितलंय मी. तो थोडा वेळ रुमालाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “म्हंजी आई माझं मन राखाय खोटं बोलली.”

त्याची आई जन्मात एकदा त्याला हवं होतं ते खरं बोलली होती, आणि मी तिला खोटी पडू दिली. वर त्याला बरं वाटावं म्हणून — की मला? — म्हटलं, यंत्र आता छान चालतंय. डिस्कही नवीच समजा. वापरा.

चार महिन्यांनी, परदेशातल्या अशा यंत्रांच्या शौकिनांचं लिखाण वाचताना मला कळलं की अनुक्रमणिका गेली तरी आवाज जात नाही. तो डिस्कवर तसाच असतो. दुसऱ्या भरलेल्या डिस्कची अनुक्रमणिका त्यावर चढवली की यंत्राला तो परत दिसू लागतो. एकच अट — वरून दुसरं काही भरलेलं नसावं. त्यासाठी लागणारा जुना डेक, म्हणजे टेबलावर ठेवायचं मोठं मिनीडिस्क यंत्र, मी पुण्याहून मिळवला. माझ्या एका डिस्कवर करून पाहिलं. जमलं. टेबलाशी बसून मी मोठ्याने हसले होते.

आणि मग फोन केला नाही. आठ दिवस. फोन करायचा म्हणजे डिस्क मागायची, मागायची म्हणजे का ते सांगायचं. रोज सकाळी वाक्यं जुळवायची, दुपारपर्यंत ती मोडायची. काहीतरी थाप मारून डिस्क मागवता येईल का, हेही पाहिलं. तेही सांगून टाकते.

नवव्या दिवशी केला. तो जत्रेला गावी आला होता. मी विचारलं, ती डिस्क आहे ना? तो म्हणाला, “हाय की. भरली काल. तुमी म्हणलावता वापरा. आण्णा तर बोलले न्हाईत, मग म्हटलं आपणच बोलावं. बाभळीखाली बसलो. अर्धा तास बोललो ताई. कोकरांची माफी मागितली. लय हलकं वाटलं.”

रिकाम्या डिस्कवर यंत्र अगदी सुरुवातीपासून भरतं. अठरा मिनिटांवर अर्धा तास. त्यातली शेवटची सात मिनिटं तर मीसुद्धा ऐकलेली नव्हती. म्हातारा पुढे काय बोलला ते आता कुणालाच कळणार नाही.

“का हो, काय काम हुतं?” त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, यंत्र नीट चालतंय ना विचारायला केला.

त्यानंतर दर वर्षी तो जत्रेला गावी येताना माझ्याकडे थांबतो. केळ्याचे वेफर्स आणतो, खोबरेल तेलातले. मी ते शेजारी वाटून टाकते. कोचीतल्या त्याच्या ओळखीच्या माणसांना तो माझ्याकडे पाठवतो. त्यांना सांगतो, त्या ताई उगाच आशा लावत न्हाईत, रिकामं असंल तर रिकामं सांगतात. त्याचं नाव फोनवर उमटलं की अजूनही माझ्या हातातलं काम खाली पडतं. आण्णांचं मेखेचं वाक्य मला पाठ आहे, ते सांगायला अर्धं मिनिटही लागणार नाही. तीन जत्रा झाल्या. तो समोर बसला होता, तिन्ही वेळा, आणि मी सांगितलं नाही. कोकरं आपल्यामुळे गेली, असं तो आजही समजतो.

फाईल मात्र पुसली नाही. घरी कुणी नसलं की लावते. पंखा करकरतो. बाहेरून भाजीवाला जातो, शेजारी कुकरची शिट्टी होते. म्हातारा त्यात कुठेच नाही. दहा मिनिटं होत आली की मात्र मी ऐकू येते. कानातल्या हेडफोनमध्ये त्याने विचारलं होतं, ऐकतोयस न्हवं रं — आणि त्या रिकाम्या खोलीत, माझ्या नकळत, मी अगदी स्पष्ट म्हटलंय, “हो.”