राखेतल्या बियांना मोड

"या प्लॅनवर मी सही करणार नाही," मी म्हटलं.

लिंडाने ट्रक थांबवला. लिंडा म्हणजे माझी बॉस. समोर नुकत्याच लागलेल्या वणव्यात काळीठिक्कर झालेली वॉल्टची टेकडी होती. साल २००५, उत्तर मिशिगन. आमची कंपनी जंगलमालकांना सल्ला द्यायची आणि वॉल्ट आमचा क्लायंट. त्याला टेकडी बुलडोझरने खरवडून नर्सरीची रोपं लावायची होती.

"जंगल मेलंय, प्रिया."

"जळलंय. मेलं कुणी सांगितलं?"

"वॉल्टला भाषण नको असतं. दोन आठवड्यांत बुलडोझर येतोय. तोवर प्रूफ आण."

मी उतरले. टेकडीवर सगळी जॅक पाइनची झाडं. या पाइनच्या फळाला कोन म्हणतात. लाकडी खवल्यांची गच्च मूठच ती. खवले राळेने चिकटलेले असतात, त्यामुळे कोन वर्षानुवर्षं फांदीवर बंद राहतो. वणव्यात राळ वितळते, खवले उघडतात आणि बी राखेत पडतं. तिथे सावली नसते, गवताची स्पर्धा नसते. त्या बियांसाठी ती राख म्हणजे तयार वाफा. आणि तोच आम्ही बुलडोझरने ढकलून देणार होतो!

जळके कोन पिशवीत भरून घरी आणले. मी कुलकर्णी काकूंकडे तळघरातल्या खोलीत पेइंग गेस्ट होते. काकू गॅसवर भरताचं वांगं भाजत होत्या. मी कोन दाखवला. "बाहेरून कोळसा झालाय, पण आत बी शाबूत आहे."

"काहीतरीच," काकू वांगं उलटत म्हणाल्या. "बाहेरून एवढं भाजल्यावर आतलं शिजणार नाही?"

वॉल्टही हेच विचारणार होता. आग झरझर पुढे जाते, जाड खवले बियांपर्यंत आच पोचू देत नाहीत, हे मला तोंडपाठ होतं. पण ते पुन्हा भाषणच झालं असतं. मी कोन आपटून बिया काढल्या, रात्रभर भिजवल्या आणि काकू मटकी बांधतात तशा ओल्या फडक्यात बांधून त्यांच्याच स्वयंपाकघरात ठेवल्या. फडकं रोज ओलं करत राहिले. लिंडा रोज विचारायची, "सही?" मी रोज म्हणायचे, "नाही."

एका सकाळी काकूंनी वरून हाक मारली. "अगं, मटकीला मोड आलेत, पण ही काळी कशी पडली?"

मी जिन्यावरून ओरडले, "काकू, उसळ करू नका!"

फडकं घेऊन मी थेट टेकडीवर गेले. बुलडोझर ट्रेलरवरून उतरत होता. वॉल्टने एक मोड बोटावर घेतला.

"हे माझ्या टेकडीवरचं?"

"तुमच्या जळलेल्या झाडांचं. अशा बिया त्या राखेत सगळीकडे पडल्या आहेत."

त्याने मोड परत फडक्यात ठेवला. मग म्हणाला, "अर्धी टेकडी तुझी. अर्धी माझ्या पद्धतीने."

मला अख्खी हवी होती. अर्ध्यासाठीचा प्लॅन लिहिला आणि त्यावर सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस कमी झाला. वॉल्टच्या अर्ध्यात नर्सरीची रोपं सरळ रांगेत उभी होती, बरीचशी वाळलेली. माझ्या अर्ध्यात रांग नव्हती, पण पाइनची कोवळी रोपं इतकी दाट, की पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती.

वॉल्ट टोपी काढून डोकं खाजवत राहिला. लिंडा म्हणाली, "रिपोर्टमध्ये फोटो टाक."

क्लायंटला पटवायला तत्त्व पुरत नाही, मोड दाखवावे लागतात. माझ्या फील्ड बॅगेत तेव्हापासून एक मलमलचं फडकं असतं.