आजचा शब्द काय हाय?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन जणांना एका शब्दावर एकमत करायला बसवा, आठवड्यात ढीग लागतो!

इंटरनेटवर प्रोग्रामरांची एक चॅट-रूम होती. तिथं रोज तेच तेच प्रश्न. म्हणून आमच्या वंदनानं एक बॉट लिहिला: छोटा शब्द टाका, उत्तराची लिंक समोर! पुण्याच्या कंपनीतले एक साहेब तिथं यायचे. ते म्हणाले, "नव्या माणसाला न शिकवता शब्द सुचले पाहिजेत. शनिवारी बघतो. जमलं तर नोकरी." झालं! बालाघाटच्या सायबर कॅफेत ती, आमचा मित्र दिलीप आणि मी शब्द शोधायला बसलो.

*

फुकट सॉफ्टवेअरच्या पानासाठी दिलीपनं शेजारच्या गावाचं नाव ठेवलं, वारासिवनी.

"काहून बे?" मी ओरडलो.

"सामान घ्याले आपण कुठं जातो मंग?"

दिल्लीच्या एका पोरानं चॅटवर विचारलं, "भाई, ये वारासिवनी कौन सा वर्जन है?"

दिलीपनं लिहिलं, "लेटेस्ट!"

*

जुन्या चर्चांसाठी त्यानं "भरवेली" ठेवलं. तिथं मँगनीजची खाण, म्हणजे खोदून काढायचं! वंदनानं चिडून ते उडवलं. दुसऱ्या दिवशी बंगलोरचे एक गृहस्थ भांडायला हजर: "मेरी भरवेली किसने हटाई?"

*

मला कालचा शब्द आज पटत नाही, हा माझा स्वभाव. मदतीच्या पानाचा शब्द मी रोज बदलायचो. आधी "मदत", मग "हेल्प", मग "बचाओ". एकदा दिलीपचं काम अडकलं. त्यानं कालचा शब्द टाकला, परवाचा टाकला, आणि भर कॅफेत उभा राहून बोंबलला, "अबे, आजचा शब्द काय हाय? मदत हाय का तिजोरी हाय हे?"

वंदनानं माझा कीबोर्डच काढून घेतला. बरोबर केलं तिनं!

*

शुक्रवारी संध्याकाळी तिचे बाबा आले. पोरीनं इथंच सरकारी नोकरी करावी हा त्यांचा हट्ट, पुण्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. मदतीचा शब्द अजून ठरला नव्हता आणि वंदना रडकुंडीला आली होती. मला वाटलं, आता हिला ओढून नेतात. पण तिनं त्यांनाच खुर्चीत बसवलं.

"बाबा, समजा तुम्ही कम्प्युटरवर काम करून राह्यले. मधातच अडकले, काही समजून नाही राह्यलं. मदत पाह्यजे, तर कोणता शब्द टाकाल?"

"त्यात काय विचारतं? वंदना."

"तसं नाही ना बाबा! मी नसली तर?"

बाबांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

"तेच तर मी तुले इतके दिवस विचारून राह्यलो, बाई."