आसिफाबादच्या भिंतीतली खुंटी

भूत, भानामती यातलं काहीच मी मानत नाही, हे आधी सांगतो. आमच्या बौद्ध घरात त्याला थाराच नव्हता. वडील शाळामास्तर, कुणी असलं काही बोललं की पुरावा मागायचे. हे लिहायला इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण हे... दुसरं असं, की यात माझं एक पाप आहे.

गोष्ट आंध्र एकत्र असतानाची, अगदी शेवटच्या वर्षांतली. मी वांकिडीला मराठी शाळेत शिक्षक, धाकटा भाऊ सुधाकर आसिफाबादला मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, क्लार्क. वडील गेले तेव्हा दोन ट्रंका भरून पुस्तकं मागे राहिली. मला ती हवी होती. पण आई सुधाकरकडे राहायला गेली आणि पुस्तकंही घेऊन गेली. म्हणाली, "त्याच्याकडं रॅक हाये, मधू. तुह्याकडं ट्रंकेतच सडतीन."

तो रॅक म्हणजे खोक्यातून सुट्टा आणून घरी जोडलेला, दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा. सहा महिन्यांत फळ्या झोळीसारख्या वाकल्या. सुतारकामाचा नाद मला, म्हणून सुधाकरचा फोन आला, "दादा, तूच ये. हैदराबादचा रॅक हाये, इथं कोनाचंच ऐकून नाही राह्यला."

रविवारी सकाळी गेलो. फळ्या उलट्या केल्या, प्रत्येकीच्या पुढच्या कडेखाली सागवानी पट्टी मारली. स्क्रूची सैल झालेली भोकं काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉलनं भरून पक्की केली. मन लावून केलं. आई शेजारी भाजी निवडत होती.

"सुधाकरनं किती जपले रे बापाचे पुस्तकं," ती म्हणाली.

माझ्या हातात ड्रिल होतं... मी ते सुरू केलं.

शेवटचं काम उरलं होतं. रॅक उंच, भिंतीला धरून ठेवला नाही तर पुढे कलंडणार. वर दोन लोखंडी अँगल लावले, भिंतीत भोकं पाडली — पण स्क्रू घट्ट धरणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आत ठोकल्याच नाहीत. स्क्रू रिकाम्या भोकांत नुसते ढकलले. रॅक पडावा, पुस्तकं माझ्याकडे यावीत, एवढंच मनात होतं. कुणाच्या अंगावर पडेल हा विचारच केला नाही.

चौथ्या दिवशी सुधाकरचा फोन. बोलता बोलता म्हणाला, "आईनं आता गादी रॅकखालीच टाकली. म्हन्ते, तुह्या बापाजवळ असल्यावानी वाटते."

वर्ग सोडून, घरून अवजारांची पिशवी उचलून मी बस पकडली. घरात शिरलो तेव्हा आई गादीवरून उठत होती — मधल्या फळीला धरून, सगळा भार तिच्यावर टाकून. रॅक तसूभरही हलला नाही.

"काऊन असा धापा टाकून राह्यला?"

"स्क्रू... एकदा पाहतो."

स्टुलावर चढलो. जो स्क्रू बोटानं निघायला हवा होता, तो स्क्रूड्रायव्हरनंही सुटेना. जोर लावून काढला. भोकात सागाची खुंटी होती. चाकूनं तासलेली, भोवती उत्तरपत्रिकेच्या कागदाची पट्टी, तिच्यावर लाल शाईची बरोबरची खूण. वडील अशीच ठोकायचे. दुसऱ्या कुणाला असं करताना मी पाहिलेलं नाही.

"आई, मी गेल्यावर कोनी हात लावला काय याले?"

"कोन लावते? सुधाकरले खिळा तरी ठोकता येते काय?"

माझ्या गिट्ट्या पिशवीत तशाच होत्या. मी स्क्रू परत बसवला.

मागच्या वर्षी सुधाकरला सगळं सांगून माफी मागितली. तो रागावलाच नाही. भिंतीकडे पाहत म्हणाला, "म्हंजे बाबा माह्या घरी आले होते, दादा." चेहरा असा उजळला होता त्याचा...

खुंटी कुणी ठोकली, मला आजही सांगता येत नाही. सुधाकरनं मला माफ केलं, आईचा केसही वाकडा झाला नाही. माझं समाधान व्हायला हवं होतं. पण घरी आल्यावर मी दार लावून घेतलं आणि माझ्या भिंतींमधला एकेक स्क्रू काढून पाहिला. सगळ्या भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या होत्या. मीच ठोकलेल्या.