टेबल नंबर दोनवरचा समुद्र

कोचीहून समुद्री जीवशास्त्र शिकून मी जिंतूरला परत आले, तेव्हा माझी सगळी तयारी टिंगलीची होती. लोक हसतील, मी बाणेदार उत्तरं देईन, असं काहीबाही मी रेल्वेतच ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात कुणी हसलंच नाही. सगळ्यांनी मदत केली. हसणाऱ्याचा किस्सा होत नाही, मदत करणाऱ्याचा होतो. आमच्या ऑफिसात मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या साठतात ना, तसे हे किस्से साठलेत. एकीवर चिठ्ठी चिकटवेपर्यंत दुसरी दारात.

आमचं ऑफिस म्हणजे बसस्टँडच्या मागचं माती-पाणी तपासणी केंद्र. शेतकरी पिशवीत माती आणतात, बाटलीत विहिरीचं पाणी आणतात, आम्ही त्यात क्षार किती ते सांगतो. साळवे सर प्रमुख. इनायतभाई प्रयोगशाळा सांभाळतात. पारूबाई चहा, झाडलोट आणि आम्हा सगळ्यांना सांभाळते. मी सगळ्यांत नवीन, टेबल नंबर दोन.

याच टेबलावर मला चाळीस लिटरचा समुद्र मांडायचा होता. खारं पाणी, जिवंत प्रवाळ, दोन मासे. आमच्या भागातली माणसं ऊस तोडायला पार कोल्हापूरपर्यंत जातात, पण घाट उतरून समुद्र बघून आलेलं माणूस मला अजून भेटायचंय. म्हटलं, माणसं जात नसतील तर समुद्रानं यावं.

सर म्हणाले, "मांडा. पण मे संपेपर्यंत चालवून दाखवा. मधे एक जरी जीव गेला तर टाकी खाली उतरवायची. आपल्याकडं लोक पीक वाचवायला येतात. समोर मेलेलं काही दिसायला नको."

मला हे इतकं पटलं की मी तिथल्या तिथं हो म्हटलं. मे महिना जिंतूरमध्ये काय असतो, हे सात वर्षांत विसरले होते.

*

संक्रांतीनंतर पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलचा खोका आला. त्यात समुद्रातले दगड. दगड म्हणजे नुसते दगड नव्हेत, त्यांच्या भोकाभोकांत जिवाणू असतात. ते टाकीत वाढले की पाणी माशांना राहण्याजोगं होतं. त्याला पाचेक आठवडे लागतात. तोवर मासे सोडायचे नाहीत.

म्हणजे पाच आठवडे माझ्या टेबलावर दिवा, पंप, पाणी आणि दगड. लोक यायचे, वाकून बघायचे, मागून बघायचे आणि आपली पिशवी काउंटरवर ठेवायचे. सर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या मॅडमनी दगड पाळलेत. स्वभावानं शांत आहेत."

मला धीर धरवत नव्हता. सकाळी आले की दगड उचलून बघ, पाणी ढवळून बघ. चौथ्या दिवशी मी पारूबाईला हौसेनं सगळं समजावून सांगितलं. जिवाणू कसे वाढतात, पाणी कसं तयार होतं. तिनं झाडू बाजूला ठेवून ऐकून घेतलं.

"म्हंजी विरजण लावलंय."

"अगदी तेच, पारूबाई."

"मंग रोज हलवून काहून बघायलाव? दही लागंल का असं?"

सात वर्षांच्या शिक्षणात हे वाक्य मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी दगडांना हात लावणं बंद केलं. पाचव्या आठवड्यात पाणी लागलं. म्हणजे तयार झालं. आता मीही तसंच बोलते.

*

इनायतभाईंना एक सवय आहे. टेबलावर पाणी दिसलं की त्यांचा हात आपोआप मीटरकडं जातो. एका दुपारी मी जेवून आले तर माझ्या टेबलावर केंद्राचा छापील अहवाल, शिक्क्यासकट.

शेतकऱ्याचे नाव: समुद्र. गाव: टेबल नं. २. क्षारता: मीटरच्या बाहेर. शिफारस: सदर पाणी कोणत्याही पिकास देऊ नये. दुसरी विहीर पाहावी.

मी हसत हसत त्यांच्याकडं गेले. ते मात्र अजिबात हसत नव्हते.

"मॅडम, तेवीस साल झाले मला इथं. असं पानी ज्याच्या विहिरीत निघालं त्याला मी काय सांगतो मालूम? सांगतो, चहा घ्या आधी. मंग बसून बोलू. आन् तुमी हे पैदा करायलात. मुद्दाम."

तरीही रोज सकाळी येताना ते आधी टाकीपाशी थांबायचे. मी बघतेय असं दिसलं की घड्याळ बघितल्यासारखं करायचे.

*

मार्चच्या सुरुवातीला मासे आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे दोन. सोबत प्रवाळाचे तीन गोंडे. दिवा लागला की शेवंतीसारखे उमलायचे, दिवा गेला की मिटायचे. मला इतका आनंद झाला की मी कोचीला मला शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला आणि दोन मिनिटं नुसतीच "उघडलेत, उघडलेत" म्हणत राहिले.

दिव्याला टायमर होता, दहा ते सहा. सरांनी आठवडाभर निरीक्षण केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दहाला हजर. सहाशिवाय जागा सोडत नाहीत. मधे चहा नाही, फोन नाही. यांना कायम करून टाकू."

*

त्याच आठवड्यात सोजरबाई आल्या. वालूरच्या, साठीच्या आसपास, मातीची पिशवी घेऊन. त्यांच्या तीन एकरांतलं एक एकर पांढरं पडलं होतं. विहिरीच्या पाण्यानं जमिनीत क्षार साचला होता. पिशवी काउंटरवर देऊन त्या आत आल्या, टाकीसमोर उभ्या राहिल्या.

"काय हाय म्हनायचं हे?"

"समुद्र आहे, मावशी. खराखुरा."

त्यांनी चप्पल काढली. हात जोडले. कमरेची पिशवी सोडली आणि मला काही कळायच्या आत टाकीत एक नाणं टाकलं. टप. आपल्याकडं गोदावरीच्या पुलावरून एसटी जाताना खिडकीतून टाकतात, अगदी तसं.

नाणं जुनं होतं, तांबूस. तांबं म्हणजे प्रवाळाला विष. कणभर विरघळलं तरी ते जातात. मी ओरडलेच. "अहो काय करताय, मरतील ना सगळे!" चिमटा घेतला, बाही भिजवली, नाणं बाहेर काढलं. वळले तेव्हा सोजरबाई बाहेरच्या खोलीतल्या बाकड्याच्या टोकाला जाऊन बसल्या होत्या. हात मांडीत. मी त्यांना तांब्याचं सगळं सांगितलं, शास्त्रासकट. त्या मान हलवत राहिल्या. नाणं परत दिलं तर पदराच्या टोकात बांधलं.

"नमस्कारच केला की गं," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी मोठ्या अक्षरांत कागद छापून टाकीवर चिकटवला. 'हात लावू नये.' पारूबाईनं तो कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं. चहा मात्र तिनं तेव्हा आधी सोजरबाईंना दिला होता आणि मला सगळ्यांत शेवटी.

*

एप्रिलमध्ये प्रवाळ मिटले. दिवा लागायचा, पण ते उघडायचेच नाहीत. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मासे पंपामागं दडून राहायला लागले. मी पंप धुतला, दिवा बदलला, सगळे तक्ते काढून बसले. सर रोज येता-जाता टाकीत डोकावायचे आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचे.

पाचव्या दिवशी सोजरबाई अहवाल न्यायला आल्या. मी तेव्हा टाकीत पाणी भरत होते. उन्हानं रोज लिटरभर तरी उडून जायचं. मी ड्रममध्ये खारं पाणी कालवून ठेवलं होतं, त्यातलं काढून ओतायचे.

त्या लांबूनच, बाकड्यावरून बघत होत्या.

"ते वततीस ते बी खारंच हाय का?"

"हो मावशी. समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायला हवं ना."

त्या म्हणाल्या, "पानी उडतं, लेकी. मीठ उडत न्हाई. ते खालीच बसतं. वरून आनिक खारं दिलं की आनिक बसतं. आमचं रान असंच गेलं."

मी हातातला मग खाली ठेवला. परीक्षेत मी यावर दीड पान लिहिलं होतं. पण आमच्या कोचीच्या प्रयोगशाळेत समुद्र नळानं यायचा, पाणी कधी कमीच व्हायचं नाही. क्षार मोजायची नळी पहिल्या दिवशी वापरून मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली होती. ती काढून बघितली तर पाणी खऱ्या समुद्रापेक्षा कितीतरी खारं झालेलं.

इनायतभाईंनी शुद्ध पाण्याचा कॅन आणून दिला. तीन दिवस थोडं थोडं खारं काढत, गोडं घालत गेले. चौथ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी पहिला गोंडा उघडला. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. इनायतभाईंनी प्रयोगशाळेच्या दारातून विचारलं, "कौन आया?"

सोजरबाईंना मी धन्यवाद म्हणायला हवं होतं. पण त्या दिवशी पाणी मोजून मी वळले, तोवर त्या अहवाल घेऊन दोनच्या गाडीनं निघून गेल्या होत्या. टाकीवर कागद तसाच होता.

*

मे संपायला चार दिवस होते. मी नमुने आणायला पोखर्णीकडं गेले होते. शेतात फोनला रेंज नव्हती. रस्त्याला लागले तेव्हा इनायतभाईंचे नऊ मिस्ड कॉल दिसले. लावला तर म्हणाले, "लाईट दस बजे से गुल हाय. इन्व्हर्टर बी बसला. तुमी आरामात या." ते आरामात या म्हणाले की मी पळत सुटते.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही. त्यात मेचं ऊन. मी मनात हिशेब केला आणि सोडून दिला. एसटीत बसून आता सरांशी काय बोलायचं तेवढं ठरवलं. टाकी मीच उतरवेन, त्यांना सांगायला लावणार नाही.

पोचले तेव्हा साडेतीन. काउंटरवर कुणी नव्हतं. बाकडी रिकामी. बाहेर वीसेक चपला.

आत माझ्या टेबलाभोवती माणसं होती. टाकीला चारी बाजूंनी ओलं पोतं गुंडाळलेलं, रांजणाला गुंडाळतात तसं, आणि पारूबाई त्यावर पाणी मारत होती. समोर साळवे सर. बाह्या दुमडलेल्या, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांच्या हातात लाकडी पट्टी होती, पट्टीच्या टोकाला सुतळीनं बांधलेला प्लास्टिकचा मग. ते टाकीतलं पाणी मगात घ्यायचे, वीतभर वर उचलायचे आणि बारीक धारेनं परत टाकीत सोडायचे. बुडबुडे खाली जायचे.

"सर..."

"बोलू नका. एकाहत्तर."

माझ्या खुर्चीत सोजरबाई बसल्या होत्या. विहिरीचं पाणी परत तपासायला म्हणून सकाळी आल्या होत्या. लाईट गेली आणि पंपाचा आवाज थांबला, तेव्हा आधी त्याच उठल्या होत्या म्हणे. विहिरीवर भावकीत पाण्याच्या पाळ्या लावतात तशा त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. शंभर मग झाले की हात बदलायचा. नमुने घेऊन जो येईल तो रांगेत. दोघं तर आपला अहवाल कधीच मिळालेला असूनही थांबले होते.

माझ्या रजिस्टरवर अंगठ्या ओळीनं मांडल्या होत्या. तांब्याच्या, पितळेच्या, एक अष्टधातूची, एक सरांची पुष्कराजाची.

"ह्या कशाला काढल्या?"

"तूच बोलली व्हतीस. तांबं चालत न्हाई त्यायला."

"आणि पट्टी?"

सोजरबाईंनी टाकीवरच्या कागदाकडं हनुवटी केली. "मला वाचता येत न्हाई. हिनं वाचून दावलं," पारूबाईकडं बघत त्या म्हणाल्या. "हात लावू नये. न्हाई लावला कुनी. इचार."

मी वाकून बघितलं. पंपामागं दोन नारिंगी पट्टे हलत होते. गोंडे मिटलेले होते, पण दिवाच नव्हता, उघडणार कसे. तिन्ही जागच्या जागी घट्ट.

"शंभर," सर म्हणाले आणि पट्टी पुढच्याच्या हातात दिली. मनगट चोळत मला म्हणाले, "रांगेत या मॅडम. तुमच्या आधी पाच जण आहेत."

लाईट पावणेपाचला आली. सोजरबाईंनी पदराला हात पुसले, चप्पल घातली आणि टाकीला लांबूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडलं. मासे, दगड आणि गोंडे पाण्यासकट बादल्यांत काढले. मागून पारूबाई आली आणि तिनं टाकीची दुसरी बाजू धरली. टाकी आम्ही माझ्या टेबलावरून उचलली आणि बाहेरच्या खोलीत, बाकड्यांच्या समोर, काउंटरवर मांडली. पाणी परत भरलं, सगळे जीव परत सोडले. कागद काढला. शेजारच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्याला तो पट्टी बांधलेला मग अडकवला.