रिकाम्या हातानं बघायचं नाही

जीपारच्या कंपनीत नवे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना खिडकीजवळची टेबलं मिळतात आणि जुने सांभाळणाऱ्यांना जिन्याखालची खोली. जीपार जिन्याखाली बसते. बिश्केकमधल्या दूध डेपोचे हिशेब, दवाखान्यांतले रुग्णांचे नंबर असे कितीतरी प्रोग्राम तिच्या गळ्यात आहेत. ते लिहिणारे केव्हाच गेले, कुणी मॉस्कोला, कुणी कोरियाला, एक तर चक्क टॅक्सी चालवतो. त्यांच्या कोडमध्ये एक ओळ हलवली की तिसरीकडेच काहीतरी कोसळतं आणि शिव्या मात्र जीपारला खाव्या लागतात. तीही गप्प बसून खात नाही. फोनवर ओरडणाऱ्याला ती आधी त्याच्या आईची तब्येत विचारते आणि मग त्याच्या शिव्या व्याजासकट परत करते.

इंजिनिअरिंगची पदवी हातात पडली त्या सुमारास सोव्हिएत देशच मोडला. मग बाजारात उभं राहून तिनं मोजे विकले, थंडीत आणि बर्फात. त्या दिवसांबद्दल कुणी हळहळलेलं तिला चालत नाही. मोजे चांगले होते, असं ती सांगते आणि विषय संपवते.

तिचे वडील सोरोनबाय नारीनच्या वरच्या कुरणांत हरवलेल्या आणि चोरीला गेलेल्या जनावरांचा माग काढायचे. जमिनीवरच्या खुणेला आमच्याकडं 'इझ' म्हणतात. खडकाळ जमीन लागली आणि खूण मिटली की सोरोनबाय घोड्यावरून खाली उतरायचे आणि मालकाला सरळ सांगायचे, इथून पुढचं मला दिसत नाही. मालक चिडायचा. बोट दाखवायला काय जातं, कुठल्या तरी गावाचं नाव घ्या, आम्ही बघून घेऊ, असं म्हणायचा. सोरोनबायांनी कधी नाव घेतलं नाही. त्यामुळं निम्मे लोक त्यांच्यावर नाराज असायचे, आणि घोडा हरवला की तेच लोक पुन्हा त्यांच्याच दारात उभे राहायचे.

जिन्याखाली बसून जीपारनं एक टूल बनवलं आणि त्याचं नाव इझ ठेवलं. जुन्या प्रोग्राममधली जी ओळ बदलायची आहे तिच्यावर बोट ठेवायचं. ती बदलल्यावर कुठं कुठं धक्का बसेल ते सगळं इझ लाल करून दाखवतं. आणि जिथं त्याला पुढचं कळत नाही तो भाग ते राखाडी करतं. हा राखाडी रंग जीपारचा फार लाडका.

कंपनीचा मालक उलुकबेक तिच्यापेक्षा बराच लहान. आधी तो इझला एजेंचा विरंगुळा म्हणायचा. आमच्याकडं थोरल्या बहिणीच्या वयाच्या बाईला एजे म्हणतात. मग बाहेरच्या कंपन्या असली टूलं विकतात हे त्याला कळलं आणि विरंगुळ्याची जाहिरात सुरू झाली. इस्सिक-कुल सरोवराच्या काठी शरद ऋतूत एक मेळावा भरतो. तिथं अल्माटीहून, ताश्कंदहून, कुठून कुठून जुने प्रोग्राम सांभाळणारी मंडळी येतात आणि आपापली नवी टूलं एकमेकांना दाखवतात. तिथं गिऱ्हाईक मिळालं तर इझ ठेवायचं, नाही तर हिवाळ्याआधी बंद करून बाहेरचं टूल विकत घ्यायचं, असं उलुकबेकनं जाहीर केलं. बाहेरचं टूल आलं असतं तर जीपारच्या इतक्या वर्षांच्या कामाला कुणी विचारलं नसतं.

त्यानं एक फिल्मही बनवून घेतली. तिच्यात इझ एका सोप्या प्रोग्रामवर झरझर चालतं आणि राखाडी रंग कुठंही दिसत नाही. जीपारनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की 'मला माहीत नाही' असं म्हणणारं टूल कोण विकत घेईल. ती म्हणाली, तसं न म्हणणारं टूल खोटारडं असतं. मग खऱ्या प्रोग्रामवर चालवून दाखवू, आपला गरम पाण्याच्या बिलांचाच घेऊ, असं तिनं सुचवलं. त्यावर त्याचा आवाज एकदम चढला. गरम पाण्याच्या बिलांना इझ लावायचं नाही, हे तो आधीही बजावून बजावून सांगत आला होता. तो प्रोग्राम त्यानं स्वतः, ऐन तरुणपणी लिहिलेला होता, अजून तो एकटाच सांभाळायचा आणि सगळ्या कंपनीला ते ठाऊक होतं.

मेळाव्यात जीपारची पाळी दुपारच्या जेवणाआधी होती. हॉलबाहेर पुलाव शिजत होता आणि लोकांचं निम्मं लक्ष तिकडंच होतं. पहिल्या रांगेत गिऱ्हाईक म्हणून बोलावलेली बँकेची माणसं बसली होती, त्यांच्या शेजारी उलुकबेक. फिल्म सुरू झाली. जीपारनं ती थोडा वेळ बघितली आणि बंद केली.

"फिल्म चांगली आहे," ती म्हणाली. "हिच्यात इझ एकदाही अडखळत नाही. मी रोज त्याच्याबरोबर बसते, ते रोज अडखळतं. तेव्हा हे दुसऱ्या कुणाचं तरी टूल असणार."

उलुकबेकनं मान खाली घातली. जीपार हॉलकडं वळली.

"तुमच्यापैकी कुणी नवी सून रिकाम्या हातानं बघितलीय? नवं बाळ? शेजाऱ्याची नवी गाडी?"

कोण बघेल. नवं काही पहिल्यांदा बघितलं की बघणाऱ्यानं काहीतरी द्यायचं, त्याला आम्ही कोरुमदुक म्हणतो. कझाख लोकांतही ते आहे, उझबेकांतही आहे. न देता बघणाऱ्याची वर्षभर चेष्टा होते.

"मग माझं टूल फुकटात का बघताय? पैसे नकोत मला. तुमचा कोड द्या. ज्याला हात लावायला तुमचा हात कापतो, तो द्या."

आपला जुना कोड चारचौघांत उघडायचा म्हणजे धुवायचे कपडे पाहुण्यांसमोर मांडण्यातली गत. ताश्कंदहून आलेला सुटाबुटातला एक विक्रेता हसून म्हणाला, "एजे, आमच्या घरात सून आहे. आणखी नको."

"नको तर लग्नाच्या जेवणाला कशाला आलात?" जीपार म्हणाली, आणि पुलावाकडं डोळे लावून बसलेले सगळे हसले.

त्या हशातच मागच्या रांगेतून एक आडव्या बांध्याची कझाख बाई लॅपटॉप घेऊन पुढं आली. गुलबर्शिन तिचं नाव. कोस्तानायच्या गव्हाच्या मोठ्या कोठाराचा प्रोग्राम ती सांभाळते. गहू किती ओला असला की वाळवणीला पाठवायचा, ती मर्यादा एका ओळीत लिहिलेली होती. ती थोडी खाली आणायची होती, पण कुणी धजत नव्हतं. गुलबर्शिननं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि जीपारनं इझ सुरू केलं.

वाळवणी लाल झाली, वजनकाटा लाल झाला, शेतकऱ्याला मिळणारा भाव लाल झाला. हॉल पुढं सरकून बघू लागला. मग लाल रेघ एका फाइलपाशी आली आणि तिथून पुढं निम्मा पडदा राखाडी झाला.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. उलुकबेक उठून जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, पुरे करा. बँकेच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. ताश्कंदचा विक्रेता म्हणाला की आमच्या टूलमध्ये राखाडी भानगडच नाही, सगळं हिरवं दिसतं.

"मग या ना," जीपार म्हणाली. "हाच कोड आहे. चालवा तुमचं."

त्यानं सांगितलं की त्याची पाळी उद्या आहे. शिवाय, जरा खाकरून तो म्हणाला, त्यानंही फिल्मच आणली आहे. आता लोक त्याला हसले.

जीपारनं पडद्याकडं हात केला. "हो, माग इथं हरवला. माझ्या टूलला पुढचं दिसत नाही आणि ते तसं सांगतंय. मी ते पुसणार नाही. ज्याला हिरवं बघायचं असेल त्यानं कुरणात जावं."

गुलबर्शिन एवढा वेळ राखाडी भागाकडं बघत उभी होती. "ही ओळ मी सोमवारी बदलणार होते," ती म्हणाली. "ही फाइल पुढं कोण वाचतं, मला ठाऊकच नाही. आता आधी ते शोधते." तिनं लॅपटॉप मिटला आणि जागेवर जाऊन बसली.

जेवताना बरेच जण जीपारशी बोलायला आले, पण विकत कुणीच काही घेतलं नाही. बँकेची माणसं पुलाव संपवून न भेटताच निघून गेली.

परतीच्या वाटेवर उलुकबेकनं सरोवराच्या टोकाला, बालिक्ची गावात गाडी थांबवली. तिथं रस्त्याच्या कडेला तारेला टांगलेली धुरावलेली मासळी विकतात. त्यानं दोन मासे घेतले, एक जीपारला दिला आणि गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

"एजे, इझ बंद करतोय मी. तुम्ही आपल्या हातानं घालवलंत."

जीपार काटे काढत होती. हॉलमध्ये तिनं त्याचं नाव घेतलं असतं तर बापाच्या नावासकट, मानानं घेतलं असतं. इथं दोघंच होते, म्हणून ती अरेतुरेवर आली.

"कर बंद. पण बघितल्याचं देऊन कर."

"कसलं?"

"कोरुमदुक. तू आजवर फिल्म बघितलीस. इझ चालताना आज पहिल्यांदा बघितलंस, तेही पुढच्या रांगेत बसून. गुलबर्शिननं दिलं. तू काय दिलंस?"

"माझ्याच कंपनीचं टूल आहे ते."

"सासऱ्यालाही सून फुकट बघता येत नाही. गरम पाण्याचा कोड दे."

तो हसला नाही. "तुम्ही हसाल त्याला," तो म्हणाला. "मला काही येत नव्हतं तेव्हा. आत काय काय करून ठेवलंय, माझं मलाच आठवत नाही. दर हिवाळ्यात बिलं निघेपर्यंत मला झोप लागत नाही."

"मी माग काढते, उलुकबेक. अब्रू काढत नाही."

त्यानं माशानं माखलेले हात गवताला पुसले, पुन्हा रुमालाला पुसले. दोघं गाडीत बसले, पण त्यानं चावी फिरवली नाही. मागच्या सीटवरचा आपला लॅपटॉप ओढून घेतला, उघडला, त्यात गरम पाण्याच्या बिलांचा कोड काढला आणि लॅपटॉप तसाच जीपारच्या मांडीवर ठेवला.

"राखाडी किती येईल?" त्यानं विचारलं.

"येईल तेवढं येईल," जीपार म्हणाली. "कमी करून दाखवणार नाही."