बाप जिवंत असताना काढलेली मिशी

माझी धाकटी लेक कमी ऐकते. ठार बहिरी नाही, ट्रकचा हॉर्न कळतो, पण माणसाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा पार भुगा होतो. ती लहान होती तेव्हा माझ्या माहेरी, अर्धापूरला गेलो की मी तिला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दाखवायची. तिथले डॉक्टर म्हणाले, ही पोरगी तोंड बघून बोलणं ओळखते, हिच्यासमोर बसून बोला. तेव्हापासून आमच्या घरात कुणी पाठमोरं बोललं की मी ओरडायची. मी मुळातच तिखट बाई, त्यात हे निमित्त मिळालं.

आम्ही लातूरजवळच्या एका गावात राहायचो. लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं आणि आमचे हे तिथल्या नव्या कचेरीत कारकून होते. त्यातच दुष्काळ. गावात टँकर यायचा आणि त्याच्यामागं सगळं गाव घागरी घेऊन पळायचं. धूळ एवढी की जो तो तोंडाला रुमाल, नाहीतर पदर बांधून फिरायचा. माझ्या लेकीला तर गावच मुकं झाल्यासारखं वाटत असणार.

पहिलीला तिला बाई होत्या. पोरगी पाढे म्हणायची, कविता म्हणायची. दुसरीला गुरुजी आले आणि ही एकदम गप्प झाली. विचारलं की खाली बघायची. मोठ्या गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर हिला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घाला, आम्ही नाव कमी करतो. ती शाळा एवढी लांब की सणासुदीलाच लेकीचं तोंड दिसलं असतं. सात वर्षांची पोर, अजून माझा पदर धरून झोपणारी!

मी लातूरला शिक्षणाच्या कचेरीत गेले. कचेरी भाड्याच्या घरात, खुर्च्यांच्या सुतळ्यासुद्धा सोडलेल्या नव्हत्या. साहेब चांगले होते, मला पाणी दिलं, आणि त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे थोडकं नव्हतं. पण तेही म्हणाले, निवासी शाळाच बरी. परतीच्या एसटीत मी रागानं नुसती धुमसत होते.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि सरळ वर्गात जाऊन शेवटच्या बसकरपट्टीवर पोरांमध्ये बसले. गुरुजी बिचकले. पाढा सुरू झाला. मी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले आणि मला काही म्हणता काही कळेना. गुरुजींची मिशी झुपकेदार, वरचा ओठ पार झाकून खाली उतरलेली. सगळा पाढा त्या मिशीतच राहत होता. शिकवण्यात खोट नव्हती हो, माणूस जीव तोडून शिकवत होता.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि मागचापुढचा विचार न करता म्हणाले, गुरुजी, मिशी काढा. बाकीचे मास्तर हसले. गुरुजी हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "ताई, बाप जिवंत हाय माझा."

तेव्हा कुठं मला कळलं आपण काय मागितलं ते. आमच्याकडं बाप गेल्यावर मिशी उतरवतात. जित्या बापाच्या लेकानं ती काढायची म्हणजे बापाचं मरण चिंतायचं. घरी आले तर हेही माझ्यावर चिडले, म्हणाले, उद्या कुणाचं नाक मागशील. मी चुलीपुढं बसून रडले आणि लेकीचे कपडे ट्रंकेत भरायला काढले.

सोमवारी गुरुजी शाळेत आले ते मिशी काढून. ओठावरची कातडी पांढरीफटक दिसत होती. पोरं फिसफिसली. बाजाराचा दिवस, बातमी सगळीकडं झाली. बाया पदर डोळ्याला लावून त्यांच्या बायकोला भेटायला गेल्या. एकजण तर सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरीही घेऊन आली. गुरुजींची बायको बिचारी सांगून सांगून थकली की अहो, मामंजी धडधाकट हायत.

ही बातमी गुरुजींच्या वडलांच्या गावी पोचायला कितीसा वेळ! स्वतःच्या मरणाची खबर ऐकून म्हातारा मिळेल ती एसटी धरून थेट शाळेत आला. धोतर, हातात काठी, तोंडावर लेकाहून मोठी मिशी. मला कुणीतरी पळत बोलवायला आलं. मी पोचले तर म्हातारा वर्गाच्या दारात काठी आपटत उभा आणि गुरुजी मान खाली घालून. मी पुढं होऊन सांगितलं, बाबा, ह्या माझ्या पोरीला ओठ दिसल्याशिवाय बोलणं कळत नाही, म्हणून मीच मिशी काढायला लावली, मारायचं तर मला मारा.

म्हाताऱ्यानं माझ्या लेकीकडं बघितलं आणि दरडावून विचारलं, कुणाची गं तू? ती त्याच्या मिशीकडं नुसती बघत राहिली. मग तिनं वळून गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी तेच विचारलं, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. लेकीनं खणखणीत तिच्या बापाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं पुन्हा काहीतरी विचारलं, गुरुजींनी ओठांनी सांगितलं, तिनं उत्तर दिलं. असं दोन-तीनदा झालं.

म्हातारा काठी टेकून खाली पट्टीवर बसला. स्वतःच्या मिशीवरनं हात फिरवत म्हणाला, "ऱ्हाऊ दे असाच. मी मरंन तवा बघू."

तिथल्या तिथं मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मी सहसा कुणापुढं वाकत नाही, पण त्या दिवशी वाकले. घरी जाऊन ट्रंक रिकामी केली. लेक त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली, आणि तोवर गुरुजींनी मिशी वाढू दिली नाही. पुढं सवय झाली म्हणून असेल, नाही तर कशानं, कधीच वाढवली नाही.

लेक पुढं शिक्षिका झाली. तिची पहिली नेमणूक झाली त्याच साली म्हातारबा गेले. आम्ही दोघी भेटायला गेलो. गुरुजी डोकं भादरून ओसरीवर बसले होते. आधीच गुळगुळीत असलेल्या ओठाकडं बघून मला भरून आलं. मी म्हणाले, गुरुजी, बापासाठी द्यायची गोष्ट मी तुमच्याकडून आधीच नेली.

गुरुजी म्हणाले, "वडलांनी जाताना सांगितलं. म्हणाले, तुझी मिशी मला जित्तेपणीच पोचली."

हे ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. म्हणाले मी होते, पण बोलताना त्यांचं तोंड माझ्या लेकीकडं होतं.