आबा बंगलोरला आले तो दिवस

एरंडोलच्या स्टँडवर आबांनी माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तठे उपाशी ऱ्हाऊ नको." आई स्टँडवर आलीच नाही. साल त्र्याण्णव.

बंगलोरला आमची कंपनी चार शहरांतल्या दवाखान्यांच्या नोंदी सांभाळायची. प्रत्येक शहरात एक कॉम्प्युटर, चारही टेलिफोनच्या लाइनीनं जोडलेले. एका ठिकाणी लिहिलेलं बाकी तिन्हीकडे पोचवणं हे माझं काम. लाइन तुटली की प्रत्येक शहर आपापलं लिहीत राही; लाइन आली की कुणाचं खरं, ते जुळवत बसायचं. शनिवारी ऑफिसातून निघालो की सोमवारपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. मराठी तर नाहीच.

दोन वर्षांनी एका दुपारी वॉचमन सांगत आला, वडील आलेत. मला आधी काहीच कळलेलं नव्हतं. नेमकी तेव्हाच सकाळपासून तुटलेली लाइन आली होती आणि एकाच बाईच्या दोन नोंदी माझ्यासमोर होत्या. एका शहरात रक्तगट बी, दुसऱ्यात ओ. नियमानं नंतरची नोंद ठेवून पुढे जायचं. पण नंतरचीच खरी कशावरून? दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं. मी आबांना घाईत तेवढं सांगून आत पळालो आणि दोन्ही दवाखान्यांना फोन लावत बसलो. शेवटी कळलं, एकाच नावाच्या दोन बायका एका नंबरावर चढल्या होत्या.

बाहेर आलो तेव्हा तीन तास झाले होते. आबा बाकावर, मांडीवर ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या पिठाची पिशवी.

"वाचनी का ती बाई?"

चूक वेळेत सापडली, म्हटलं.

"मंग बठ्ठं बराबर शे."

मी थांबा म्हणालो, पण शेताचं कारण सांगून ते दुसऱ्याच दिवशी परतले. चार दिवसांनी त्यांचं पत्र आलं, गावाहून निघण्याआधी टाकलेलं. आईची नजर गेली आहे, तुला न्यायला येतो, जळगावात काही काम बघ.

मी तसाच गावी गेलो. आईनं दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला. आबांना विचारलं, बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुन्हं काम देखं मी."

आठ दिवसांनी मी परत बंगलोरला आलो. जळगावात माझ्या कामाचं काही नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी नीट शोधलंच नाही. हे आज पहिल्यांदा लिहितोय, गावात राहिलेल्या तुम्हांसाठी आणि माझ्यासारखं काहीतरी सांगून निघालेल्यांसाठीही.

आता दोघंही नाहीत. तुम्ही म्हणता, ये, घर तुझंच आहे. येतो. कुलूप मीच काढतो आणि आत पाऊल टाकण्याआधी आल्याचं मोठ्यानं सांगतो, "माय, मी उनू."